रोज एक ट्रिप

उरण-पनवेलकडच्या हळदीच्या मांडवात दोन गोष्टी हमखास घडतात. ज्याला नाचता येत नाही तो नाचतो, आणि ज्याच्याकडे ट्रेलर नाही त्याला कोणीतरी ट्रेलरचा हिशोब मांडून देतो. हा हिशोब लग्नपत्रिकेच्या पाठीवर होतो, कारण मांडवात तेवढीच जागा कोरी असते. आमच्या साडूंचा हिशोब असाच झाला. समोरच्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं, "रोज एक ट्रिप धरा," म्हणाले, आणि पुढच्या चार ओळींत साडू लखपती झाले.

भाडं सात हजार. डिझेल, टोल, वरखर्च अडीच हजार. उरले साडेचार. रविवार सोडून महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे एक लाख सतरा हजार. त्यातून गाडीचा हप्ता पंचावन्न हजार वजा. खाली दोन रेघा आणि बासष्ट हजार. "निव्वळ!" गृहस्थ म्हणाले. साडूंनी तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला.

"आणि ड्रायव्हरचा पगार?" मी विचारलं.

"स्वतः चालवायची. पगार वाचला ना!"

साडूंकडे हेवी लायसन्स होतंच. तरुणपणी एसटीत लागायचं म्हणून काढलेलं. एसटीने त्यांना घेतलं नाही, त्याचा सूड उगवायची ही संधी होती. तळोज्याच्या कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी त्यांनी महिन्याभरात सोडली आणि २०२१ सालचा एक वापरलेला, ५५ टनी, बावीस टायरांचा ट्रेलर दारात आणून उभा केला. दारात म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, कारण गल्ली बारा फुटांची आणि मागची चेसिस चाळीस फुटांची. मेहुणीने नारळ फोडला, टायरांखाली लिंबं ठेवली. बावीस टायरांना बावीस लिंबं लागतात हे तिने आधी धरलं नव्हतं. धंद्यातला तो पहिला वाढीव खर्च.

मी बँकेत आहे, म्हणजे मला आकडे कळतात, असा सासुरवाडीचा समज आहे. मी पासबुकं छापायच्या काउंटरला बसतो, हे मी बारा वर्षं सांगतो आहे. तरी साडूंची हिशोबाची वही माझ्याकडेच आली.

साडूंना डबे वाहायचे होते ते न्हावा-शेव्याचे, आणि न्हावा-शेवा म्हणजे काही लहानसहान बंदर नव्हे. १९८९ साली ते सुरू झालं. आज देशातल्या मोठ्या बंदरांतून जेवढे कंटेनर ये-जा करतात त्यांतले जवळजवळ निम्मे इथून जातात. वीस फुटी डब्याच्या मापाने मोजलं तर २०२४-२५ मध्ये ते ७० लाखांच्या वर गेले. साडूंचं म्हणणं असं, की सत्तर लाखांतले महिन्याला सव्वीस डबे माझ्या वाट्याला येऊ नयेत, इतकं काही माझं नशीब फुटकं नाही. यावर बोलायला जागाच नव्हती. फक्त एवढंच, की हाच विचार जासईपासून कळंबोलीपर्यंत हजारो लोकांनी केला होता. कोणी जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून, कोणी बायकोचे दागिने ठेवून ट्रेलर घेतला होता आणि ते सगळे त्याच दिवशी, त्याच वेळी डबा आणायला निघाले होते.

एका शुक्रवारी मी हौसेने साडूंबरोबर गेलो. सीएफएसमधून, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून, भरलेला निर्यातीचा डबा उचलायचा आणि टर्मिनलला पोहोचवायचा. अंतर आठ किलोमीटर. "नऊपर्यंत येतो जेवायला," असं मी घरी सांगितलं. साडू तोवर केबिनमध्ये चादर, उशी, छोटा गॅस, तांदूळ, कांदे आणि डासांची अगरबत्ती रचून ठेवत होते.

"एवढं कशाला?"

"असू द्या. लाइन लागली तर."

लाइन लागली. खरं तर ती लागलेलीच होती, आम्ही फक्त तिला जाऊन मिळालो. पुढे लाल दिवे, मागे पांढरे दिवे, आणि मध्ये आम्ही, सत्तावीस टन कसलीशी पावडर घेऊन. चीनहून डबा समुद्रमार्गे दोन-तीन आठवड्यांत येतो. बाजूच्याच चिर्ल्याहून, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूवरून गाडीवाले पावणेबावीस किलोमीटर ओलांडून वीस-पंचवीस मिनिटांत शिवडी गाठतात. आमचे आठ किलोमीटर मात्र या कुठल्याच हिशोबात बसत नव्हते.

रांग का थांबली आहे हे रांगेतल्या कोणालाही ठाऊक नसतं, पण कारण प्रत्येकाकडे असतं. पुढचा सरदारजी म्हणाला, सिस्टीम डाउन आहे. मागचा बीडचा पोरगा म्हणाला, क्रेन बंद पडलीय. तिसरा शांतपणे म्हणाला, "काही नाही, शिफ्ट बदलतेय. साडेबाराला सुटेल."

"रात्रीच्या?" मी घड्याळ पाहत विचारलं.

"ते आत्ताच कसं सांगू?"

अकरा वाजता साडूंनी भात लावला. मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या फोडणीचं. स्टोअरकीपर असताना या माणसाने घरात कधी पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता. आता केबिनमध्ये, गुडघ्यावर ताटली ठेवून कांदा इतका बारीक चिरत होते की मेहुणीने पाहिलं असतं तर घटस्फोट मागितला असता. मधेच पुढची गाडी हलली. साडूंनी एका हाताने कढई धरली, दुसऱ्याने गिअर टाकला, गाडी तीस फूट पुढे नेली आणि हिंग टाकला.

रांगेत झोपायचं नसतं. डोळा लागला की पुढे जागा पडते, आणि जागा पडली की उलट्या बाजूने एक ट्रेलर येऊन तोंड खुपसतो. आमच्याही पुढे खुपसलं. साडू खाली उतरले.

"दादा, लाइन आहे इथे."

"दिसतेय की. म्हणून तर आलो."

या उत्तराला तोड नव्हती. साडू परत वर आले आणि भात ढवळला.

पहाटे गेट आलं. काचेमागच्या माणसाने डबा आत न्यायचा कागद, म्हणजे फॉर्म १३, पाहिला, गाडीचा नंबर पाहिला, पुन्हा फॉर्म पाहिला.

"इथे चार लिहिलाय. गाडीवर नऊ आहे."

"टायपिंगची चूक असेल साहेब. गाडी तर समोर आहे."

"गाडी समोर आहे, पण सिस्टीममध्ये नाही. साइडला घ्या."

साइडला आमच्यासारखे बरेच होते. सगळे समोर होते आणि सिस्टीममध्ये नव्हते. ज्याने चारचा नऊ करायचा तो माणूस दहा वाजता ऑफिसला येणार होता. दहा वाजता तो आला, साडेदहाला त्याने नऊ केला, आणि आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिलो. घरी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "नऊला येतो म्हणाला होतात ना? वाजलेत की नऊ, दोनदा!"

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर अमेरिकेत सापडतं. माल्कम मॅक्लीन नावाचा एक ट्रकवाला होता. १९३४ साली जुना ट्रक घेऊन धंदा सुरू केलेला, म्हणजे आमच्या साडूंच्याच जातकुळीतला. पुढे १९३७ साली होबोकेनच्या धक्क्यावर कापसाच्या गासड्या घेऊन तो दिवसभर ताटकळला. हमाल एकेक गासडी उचलून जहाजावर चढवत होते. त्याच्या मनात आलं, अख्खा ट्रकच उचलून जहाजावर का ठेवू नये? विचार पिकायला एकोणीस वर्षं गेली. २६ एप्रिल १९५६ ला त्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ डबे घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. टनामागे ५ डॉलर ८६ सेंट लागणारा चढवायचा खर्च १६ सेंटांवर आला आणि जगाचा व्यापार बदलला. म्हणजे हा डबा मुळात रांगेला कंटाळलेल्या एका ट्रकवाल्याने काढला, आणि त्याचा परिणाम म्हणून जगातले बाकीचे ट्रकवाले आज रांगेत आहेत. मॅक्लीन स्वतः लवकर शहाणा झाला. ट्रक विकून त्याने जहाजं घेतली.

भरलेला डबा परवडला, पण रिकामा डबा परत करणं म्हणजे मुलीचं लग्न जमवणं. प्रत्येक यार्डात काहीतरी खोड निघते. आयातीचा माल उतरवून झालेला असाच एक डबा घेऊन मी साडूंबरोबर गेलो, तेव्हा पहिल्या यार्डाने सांगितलं, या शिपिंग लाइनचे डबे आम्ही आता घेत नाही. दुसरं भरलेलं होतं. तिसरं घेणार होतं, पण सर्व्हेअर जेवायला गेला होता. तो आला, डब्याभोवती फिरला, पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "डेंट आहे."

"तो आधीपासूनच होता," साडू म्हणाले.

"असेल. आता तुमच्याकडे आहे."

मग भोकं तपासायची. त्याची पद्धत मी तोवर ऐकली नव्हती. माणसाने डब्यात जायचं, बाहेरून दारं लावून घ्यायची आणि आत कुठून उजेड येतो का पाहायचं. सर्व्हेअरचे गुडघे दुखत होते. साडू कागद घेऊन खिडकीपाशी उभे होते. "शेठ, तुम्हीच जा आत," सर्व्हेअर मला म्हणाला. ट्रेलरच्या केबिनमधून उतरलेल्या कोणालाही तिथे शेठ म्हणतात. तेवढ्याच मानावर मी आत गेलो आणि दारं धाडकन बंद झाली.

आत मिट्ट काळोख, मे महिन्याचा तापलेला पत्रा आणि आधीच्या मालाचा वास, जो लसूण आणि रबर यांच्या मधला होता. चाळीस फूट चाचपडत मी टोकाला गेलो. वरच्या कोपऱ्यात एक टाचणीएवढं भोक होतं आणि त्यातून उजेडाची एक बारीक रेघ थेट माझ्या कपाळावर पडत होती. आता प्रामाणिकपणे सांगितलं तर साडूंना दुरुस्तीचा खर्च, नाही सांगितलं तर पुढच्या कोणाचा तरी माल भिजणार. मी बँकेचा माणूस. दारं उघडल्यावर मी सांगितलं, "एक भोक आहे."

"एकच ना?" सर्व्हेअर निराश होऊन म्हणाला. "साहेब, आम्ही दोन आधीच लिहिलीत."

चलानांचं प्रकरण याहून सोपं आहे. गाडी रस्त्यावर उभी केली तर नो पार्किंगचं चलान येतं. पार्किंगच्या जागेत न्यावी तर तिथेही रांग, आणि ती रांग रस्त्यावरच असते, त्यामुळे पुन्हा नो पार्किंग. क्लीनर नाही म्हणून वेगळं चलान यायचं. साडू म्हणाले, क्लीनर ठेवला तर त्याला द्यायला पैसे नाहीत, आणि नाही ठेवला तर चलान भरायला नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप केला. साडूंनी तेवढे दिवस गाडी उभी ठेवली. उत्पन्नात म्हणावा तसा फरक पडला नाही.

भाडं मिळतं का? मिळतं की! ॲडव्हान्स डिझेलपुरता हातावर टेकवतात. बाकीचं ट्रान्सपोर्टरकडे. तो म्हणतो, "पोचपावतीची ओरिजिनल कॉपी आणा." ती नेली की म्हणतो, "पार्टीकडून आलं की लगेच सोडतो." पार्टीकडून येतं तेव्हा शेठ गावाला गेलेले असतात. शेठ येतात तेव्हा दिवाळी येते, आणि दिवाळीत कोणाला पैसे मागणं बरं दिसत नाही. दोन रात्री गाडी अडकल्याचं हॉल्टिंग मिळेल का, असं साडूंनी एकदा विचारलं. ट्रान्सपोर्टरने त्यांना चहा पाजला. हॉल्टिंगचं काय ते तेवढंच.

वर्षअखेरीला मी वही उघडली. सव्वीस ट्रिपांच्या जागी महिन्याला सरासरी तेरा भरत होत्या. तेरा गुणिले साडेचार हजार, साडेअठ्ठावन्न हजार. हप्ता पंचावन्न. उरले साडेतीन हजार. यात अजून टायर नव्हते, विमा नव्हता, फिटनेस नव्हतं, आणि साडू ज्याला 'युरिया' म्हणतात ते नव्या इंजिनांना पाजायचं पाणीही नव्हतं. माझी लाल शाई संपली.

"काहीतरी चुकतंय तुमचं," साडू म्हणाले. "सरकारच्या हिशोबाने मला महिन्याला पंचावन्न हजार सुटतात."

"कोण म्हणालं?"

त्यांनी रिटर्न भरणाऱ्याचा कागद पुढे केला. आणि खरंच, आयकर कायद्यात तशी सोय आहे. ज्याच्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत अशा वाहतूकदाराला वह्या ठेवायचा त्रास नको म्हणून, १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये नफा झाला असं सरकार धरून चालतं. गाडी पळो, रांगेत उभी राहो, नाहीतर गॅरेजमध्ये पडलेली असो, मालकी असली की झालं. कमी सुटले म्हणायचं असेल तर वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या. ५५ टनांचे महिन्याला पंचावन्न हजार, वर्षाचे ६ लाख ६० हजार. नव्या पद्धतीत एवढ्यावर करही लागत नाही, नुसतं कागदावर मिरवायचं.

"सरकारचा माझ्यावर विश्वास आहे," साडू म्हणाले. "तुमचा नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मेहुणी उभी होती. ती इतका वेळ गप्प होती, हेच मुळात वाईट लक्षण.

"भावोजी, यात यांचा पगार कुठे धरलाय?"

"धरलेला नाही, ताई."

"का?"

"स्वतःच्या गाडीवर कोण पगार घेतं?" साडू मधे पडले. "पगार वाचतो, तोच तर आपला नफा!"

"म्हणजे दुसऱ्याची गाडी चालवली असतीत तर पगार मिळाला असता. स्वतःची चालवता, तर मिळत नाही. आणि त्याला नफा म्हणतात होय?"

घरात शांतता पसरली. सबंध न्हावा-शेव्यात जे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते मेहुणीने कढईत उलथणं फिरवता फिरवता सांगून टाकलं होतं. कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून साडू जेवढे मिळवत होते, तेवढेच आता रात्री जागून मिळवतात, फक्त ते सगळे हप्त्यात जातात. तीन-चार वर्षांनी हप्ता फिटला की गाडी त्यांची होईल. तोवर तिचे बावीसच्या बावीस टायर बदलून झालेले असतील आणि इंजिन उतरायला आलेलं असेल.

पण साडू खचले नाहीत. या धंद्यात एक पक्कं तत्त्वज्ञान आहे: एका गाडीत सुटत नाही, दोन हव्यात. ज्याच्या दोन आहेत तो म्हणतो, पाच झाल्या की मजा. पाचवाला दहाकडे डोळे लावून असतो. मी दहा गाड्या असलेल्या एका गृहस्थांनाही भेटलो. त्यांनी आठ विकल्या होत्या. आता ते एसी ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गाड्यांना ट्रिप देतात आणि कमिशन कापून घेतात. त्यांची तब्येत उत्तम होती. "गाडी असावी, पण दुसऱ्याची," ते म्हणाले. साडू याला अपवाद समजतात.

आता साडूंचं लक्ष वाढवणकडे आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली, ७६ हजार कोटींचं काम आहे. तिथे रांग नसणार, असं साडू खात्रीने सांगतात. बंदर अजून नाही, त्यामुळे आजच्या घडीला हे खरं आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाल्यामुळे नव्या गाडीत थांबायलाही गार वाटेल, हा मुद्दा शोरूमवाल्याने त्यांच्या गळी उतरवला आहे. फोडणीचा धूर काच बंद असताना कुठे जाणार, एवढाच मेहुणीचा प्रश्न बाकी आहे.

तर दुसऱ्या ट्रेलरचं बुकिंग झालं आहे. फायनान्सवाल्यांना जामीनदार हवा आहे: नोकरदार, पगाराची स्लिप असलेला, शक्यतो नातेवाईक. बँकेत असेल तर उत्तम. मी गेला आठवडाभर साडूंचा फोन उचललेला नाही. वाचकांपैकी कोणा पगारदार सज्जनाला सही करायची इच्छा असेल तर त्याने खुशाल साडूंना भेटावं. टर्मिनलच्या गेटाकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, साधारण दीड किलोमीटर मागे. हिंगाचा वास येईल.